कडी ओढून बघा

(मंडळाच्या सप्टेंबरच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या गराजमध्ये आता एक पॅडलबोर्ड गुंडाळून ठेवलेला असतो. उभं राहून वल्हवायचा, हवा भरायचा. आज मला त्याच्या एका छोट्याशा कडीबद्दल बोलायचंय.

या बोर्डात पीव्हीसीच्या वरच्या आणि खालच्या थरांमध्ये हजारो धागे उभे विणलेले असतात. त्यामुळे हवा भरली की तो चेंडूसारखा फुगत नाही, फळीसारखा सपाट राहतो. गडबड होते ती वरून चिकटवलेल्या वस्तूंची. मागच्या टोकाला एका गोल ठिगळावर एक कडी असते. तिला लीश, म्हणजे पायाला बांधायची दोरी, अडकवतात. आपण पडलो तरी बोर्ड हाताशी राहावा म्हणून. नाहीतर हलका बोर्ड वाऱ्याबरोबर असा पळतो की पोहून गाठणं कठीण.

2024 च्या एप्रिलमध्ये आम्ही बोर्ड घेतला. जूनमध्ये विंडरमिअरवर माझी मुलगी पाण्यात पडली आणि कडी ठिगळासकट उपटून आली. अंगात जॅकेट होतं म्हणून बरं. कयाकवरच्या एका आजोबांनी तिला काठाशी आणलं. बोर्ड केव्हाच लांब गेला होता, तो नंतर मिळाला.

फोटो जोडून कंपनीला लिहिलं. पहिलं उत्तर: "बोर्ड उन्हात ठेवला असेल." आता इंग्लंडातलं ऊन ते! दुसरं: "हवा जास्त भरली असेल." अहो, हवा आत, ठिगळ बाहेर! तिसऱ्या पत्रात सूर बदलला: "चूक आमची नाही, तरी सदिच्छा म्हणून नवा बोर्ड देतो." तो दुकानामार्फत घरी आला.

इथे बहुतेक जण 'थँक्यू' म्हणून विषय संपवतात. मी मात्र भारतात जाताना बॅग 23 किलोच्या वर जात नाही ना हे बघायचा आपला काटा काढला आणि नव्या कडीला अडकवला. आडवं ओढलं, 25 किलोलाही ठिगळ हललं नाही. सरळ वर ओढलं, तर 12 किलोलाच त्याची कड सुटायला लागली.

कारण साधं आहे. पाकिटावरचं तिकीट सरकवून निघत नाही, पण कोपरा उचलून सोललं की निघतं. गोंदाचं तसंच असतं: सरकवणारा जोर तो सोसतो, सोलणारा नाही. माणूस पडताना दोरीची ओढ वर किंवा तिरकी लागते आणि एवढंसं ठिगळ ती सोसू शकत नाही. म्हणजे दोष माझ्या एका नगात नव्हता, आराखड्यातच होता. नग बदलून आराखडा बदलत नाही!

आता कायद्याचं. या देशात 2015 च्या ग्राहक हक्क कायद्याप्रमाणे जबाबदारी विकणाऱ्या दुकानाची असते. "कंपनीला विचारा" हे उत्तर चालत नाही. पहिल्या 30 दिवसांत सदोष वस्तू परत करून पूर्ण पैसे मागता येतात. सहा महिन्यांच्या आत दोष दिसला तर तो मुळातच होता असं धरतात. नव्हता हे दुकानाने सिद्ध करायचं. एकदा दुरुस्ती किंवा बदली होऊनही दोष राहिला तर पैसे परत मागता येतात. शिवाय 100 पौंडांच्या वरची वस्तू क्रेडिट कार्डावर घेतली असेल, तर 1974 च्या कायद्याच्या 75 व्या कलमाखाली बँकही जबाबदार धरता येते.

मी काट्याचे फोटो, आकडे आणि तारखा एका पानावर मांडून दुकानाला पाठवल्या. दोन आठवड्यांत पैसे आले.

पण माझे पैसे मिळाले म्हणून बाकीच्यांच्या कड्या पक्क्या झाल्या नाहीत. म्हणून तेच पान मी सिटिझन्स ॲडव्हाइसच्या ग्राहक हेल्पलाइनमार्फत ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडे पोहोचवलं. पुढे कंपनीचं एका ओळीचं पत्र आलं: नव्या बोर्डांना मोठं ठिगळ लावतोय. आधी विकलेल्यांचं काय, हे मी दोनदा विचारलंय. उत्तर नाही. तिसरं पत्र लिहून तयार आहे.

तोवर एक काम तुमच्याकडे. बोर्ड हिवाळ्यासाठी आत टाकण्यापूर्वी कडी वरच्या दिशेने जोरात ओढून बघा. कड सुटलेली दिसली तर फोटो काढा, तारीख लिहा आणि मला फोन करा. एका माणसाच्या पत्राला सदिच्छा मिळते. दहा जणांच्या पत्रांना उत्तर द्यावं लागतं.