अनुभवाची शिदोरी नव्या पिढीच्या हाती
(जयपूर येथे मराठी रेल्वे व डाक कामगारांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपण ज्या जयपुरात जमलो आहोत, तेथील निळी भांडी सर्वांच्या परिचयाची आहेत. त्यांत कुंभाराची नेहमीची माती नसते. क्वार्ट्झची भुकटी, काचेचा चुरा, मुलतानी माती व डिंक यांच्या लगद्यातून ती घडतात. ही कृती घराबाहेर जाऊ न देण्याची कारागिरांची रीत होती. विसाव्या शतकाच्या मध्यास ही कला येथून जवळजवळ नामशेष झाली. कृपालसिंह शेखावत या चित्रकाराने कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या प्रोत्साहनाने ती पुन्हा उभी केली आणि शिष्यांना मोकळेपणाने शिकवली. २००८ साली ते गेले, पण कला राहिली.

हा धडा आपल्यालाही लागू आहे. टीएक्सआरकडचा जुना माणूस हातोडीने गाडीच्या चाकावर ठोका मारतो. चाक धड असेल तर आवाज खणखणीत येतो, तडा असेल तर बद्द येतो. हा फरक पुस्तकातून कळत नाही. जाणत्याशेजारी उभे राहून कान तयार करावा लागतो. टपालातही एकाच नावाची दोन गावे ओळखणे पूर्वी सॉर्टरच्या स्मरणावर चाले. श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड आला आणि मोजक्यांच्या डोक्यातली माहिती सहा आकड्यांत सर्वांना खुली झाली.

हक्कांचेही तसेच आहे. ८ मे १९७४ रोजी रेल्वे संप सुरू झाला आणि वीस दिवस चालला. हजारो कामगार तुरुंगात गेले, अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. तेव्हा विशीत असलेले साथी आज सत्तरी ओलांडून गेले आहेत. पेन्शन ही मेहेरबानी नसून केलेल्या सेवेचा हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने नाकरा खटल्यात १७ डिसेंबर १९८२ रोजी स्पष्ट केले. १ जानेवारी २००४ पासून केंद्राच्या सेवेत आलेल्यांना ती जुनी पेन्शन मिळेनाशी झाली. काय गेले हे तरुणाला ठाऊकच नसेल, तर तो मागणार तरी काय?

म्हणून ज्येष्ठांना आमची विनंती आहे की "आमच्या वेळी असे नव्हते" एवढ्यावर थांबू नका. नियमामागचे कारण सांगा. लढा कुठे जिंकला आणि कुठे फसला, दोन्ही सांगा. तरुणांनीही विचारायला संकोचू नये. त्यांच्याजवळही देण्यासारखे आहे. नोव्हेंबरात हयातीचा दाखला मोबाईलवरून कसा भरायचा, हे काकांना पुतण्याच शिकवतो.

पण रिकाम्या जागांमुळे दोघांचे काम एकट्याने ओढणाऱ्या मुलाला शिकायला फुरसत कुठली? तेव्हा रिकाम्या जागा भरा आणि नव्या कामगाराला जाणत्याबरोबर ड्युटीच्या वेळेतच शिकू द्या, ही मागणी आपण प्रत्येक शाखेतून लावून धरू. आणि महिन्यातून एक संध्याकाळ शाखेत निवृत्त व नवे साथी एकत्र बसवू. त्याला सरकारी मंजुरी लागत नाही.

कामगार एकजुटीचा विजय असो!