गल्लीतला दिवा आणि नगरपालिकेची सभा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी मी मागे चहाच्या भांड्यांपाशी असते, आणि तिथूनच मला भाषणे ऐकू येतात. यंदा चिटणीसबाईंनी मला हाताला धरून पुढे आणले. माझे शिक्षण सातवीपर्यंत झालेले. तेव्हा बोलण्यात काही उणे-अधिक झाले तर सांभाळून घ्यावे.

मला विषय दिला होता ‘गृहिणी आणि विजेची बचत’. पण खोलीतून बाहेर पडताना पंखा बंद करा, फ्रिजचे दार उघडे टाकू नका, हे मी तुम्हाला काय सांगावे! विजेचे बिल आले की घरात पहिले बोलणे आपल्यालाच बसते, त्यामुळे ती बचत आपण पाठ केलेली आहे. मी बोलणार आहे ती घराबाहेरच्या दिव्याविषयी, म्हणजे गल्लीतल्या खांबावरच्या, आणि ज्या सभेत त्याचे पैसे ठरतात त्या सभेविषयी.

हे मला शिकवले माझ्या नणंदबाईंच्या मोडलेल्या हाडाने. गोष्ट २०१८ सालच्या कार्तिकातली. त्यांचे गाव आपल्याच वऱ्हाडातले, नाव सांगत नाही. त्यांच्या गल्लीतले दिवे पोळ्यापासून बंद होते. नणंदबाई पहाटे काकड आरतीला निघाल्या. नालीवरची फरशी एका ठिकाणी फुटली होती, ती अंधारात दिसली नाही. पाय आत गेला आणि मांडीचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, पुढे तीन महिने अंथरूण. त्यांची मुलगी तेव्हा दहावीत होती. घरचा स्वयंपाक, आईचे सगळे करणे आणि अभ्यास हे तिच्याच्याने होईना, म्हणून मी दोन महिने तिकडे जाऊन राहिले. ती पोर रात्री अकराला पुस्तक उघडायची आणि त्यावरच डोके टेकून झोपायची. एका दिव्याची किंमत मी तेव्हा पाहिली. ती कोणत्याही बिलावर छापलेली नसते.

गल्लीतल्या अकराजणी नगरपालिकेत गेल्या. मी पाहुणी, पण मीही गेले. तिथले बाबू भले होते, त्यांनी आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या. म्हणाले, “बाई, जुन्या दिव्यांच्या देखभालीचा ठेका संपला. नवे दिवे घ्यायचे तर सभेचा ठराव पाहिजे. सभा गेल्याच आठवड्यात झाली. आणि या वर्षीच्या अंदाजपत्रकात त्यासाठी तरतूद नाही.” आम्ही एकमेकींकडे पाहू लागलो. तेव्हा आमच्यातली एक म्हातारी उठून म्हणाली, “दिवा बुजला तवा सभा नोती, अन् सभा झाली तवा आमाले ठावं नोतं. मंग आमी यावं तरी कवा बापा?”

बाबू हसले, पण प्रश्न खरा होता. त्या वेळी त्यांनी जे समजावून सांगितले, आणि पुढे मी विचारून-विचारून जे गोळा केले, ते आज तुमच्यापुढे ठेवते.

नगरपालिकेचा कारभार चालतो तो १९६५ सालच्या कायद्याने. नगरपालिकेने करायलाच हवी अशा कामांची त्यात यादी आहे, आणि त्या यादीत पहिलेच काम सार्वजनिक रस्त्यांवर व जागांवर दिवाबत्ती करण्याचे आहे. म्हणजे दिवा मागताना आपण पदर पसरून उभे राहण्याचे कारण नाही.

त्याच कायद्यात सभेचेही नियम आहेत. सर्वसाधारण सभा दोन महिन्यांच्या आत झाली पाहिजे. तिची सूचना सात दिवस आधी निघते, आणि तिच्याबरोबर विषयपत्रिका, म्हणजे सभेत काय-काय निघणार त्याची यादी. सगळी मेख या यादीत आहे. ज्याचे नाव यादीत नाही त्याचे पान पंगतीत मांडले जात नाही. मागून तुम्ही कितीही आरडाओरडा करा. म्हणून आपला अर्ज सूचना निघण्याच्या बराच आधी जायला हवा. त्यावर आवक शिक्का मारून पोच घ्यायला हवी, आणि आपल्या वॉर्डाच्या नगरसेवकाला किंवा नगरसेविकेला आधीच भेटून, हा विषय यादीत घाला, असे सांगायला हवे. २०११ पासून आपल्या राज्यात निम्म्या जागा बायकांच्या आहेत. तेव्हा पुष्कळ ठिकाणी हे सांगायला दिवाणखान्यात नव्हे, स्वयंपाकघरातच जाता येते.

आणखी एक. सभा लोकांना खुली असते. आत बसून ऐकता येते, बोलता मात्र येत नाही. मला हे ठाऊकच नव्हते. मी समजत होते की सभा म्हणजे दार लावून करायची गोष्ट.

आता पैशांचे. नगरपालिकेचे वर्ष १ एप्रिलला सुरू होते. मुख्याधिकारी पुढच्या वर्षाच्या जमाखर्चाचा अंदाज हिवाळ्यात तयार करतात, आणि वर्ष लागण्यापूर्वी तो सभेत मंजूर होतो. हे मला कसे समजले सांगू? आपण चैत्र-वैशाखात वर्षाचे धान्य भरतो. गहू, ज्वारी, तूर, सगळे वाळवून, निवडून कोठीत. तेव्हा घरात माणसे किती, पाहुणे किती येतील, याचा हिशेब आपण करतो. मग श्रावणात कोणी म्हणाले, मला अमुक तांदूळ पाहिजे, तर आपण काय म्हणतो? “आधी सांगायचं होतं.” नगरपालिकाही तेच म्हणते. नणंदबाईंच्या गल्लीचे दिवे पोळ्याला गेले. पण त्यांचे पैसे आदल्या हिवाळ्यातच कोठीत भरलेले नव्हते.

शिवाय सगळे पैसे एका डब्यातले नसतात. सरकारकडून येणाऱ्या अनुदानावर पुष्कळदा नाव घातलेले असते. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी लहान शहरांना जे अनुदान ठरवले, त्यातला साठ टक्के भाग पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांच्यासाठी बांधलेला होता. भावाने भाऊबीजेला साडीसाठी म्हणून दिलेले पैसे किराण्यात घातले की आपल्यालाच अपराध्यासारखे वाटते, तसेच हे. म्हणून ‘पालिकेकडे एवढे पैसे आले, मग दिवा का नाही’ असे भांडण्याआधी कोणत्या डब्यात किती आले हे विचारावे. माहितीच्या अधिकाराचा २००५ सालचा कायदा आहे. दहा रुपयांचे तिकीट लावून अर्ज करता येतो, आणि तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते.

मग नव्या दिव्यांसाठी पैसा येतो कुठून? इथे एक नवी रीत निघाली आहे. केंद्र सरकारच्या वीज क्षेत्रातल्या चार कंपन्यांनी मिळून २००९ साली ईईएसएल नावाची एक कंपनी काढली. रस्त्यांवरचे जुने दिवे काढून एलईडी बसवण्याचा देशभराचा कार्यक्रम ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झाला, तो तिच्याकडे दिला गेला. आपल्या राज्याच्या नगरविकास विभागानेही २०१८ मध्ये नगरपालिकांसाठी तिच्याशी करार केला. त्यातली युक्ती अशी: पालिकेने आधी पैसा घालायचा नाही. कंपनीने दिवे बसवायचे, सांभाळायचे, आणि विजेच्या बिलात जी बचत होईल तिच्यातून आपले पैसे हप्त्याहप्त्याने, साधारण सात वर्षांत, वळते करून घ्यायचे.

हे ऐकल्यावर मला पहिल्याने गाडगेबाबा आठवले. आपल्या तालुक्यातल्या दापुऱ्याला मामाच्या घरी वाढलेले, आपल्या मूर्तिजापुरात ज्यांची धर्मशाळा आणि गोरक्षण आहे ते बाबा जन्मभर सांगत फिरले की, कर्ज काढून सण करू नका. मग हे दिवे म्हणजे कर्जाचा सण नव्हे काय? मी यावर पुष्कळ विचार केला. मला वाटते, नव्हे. सण झाला की पैसा गेला. पण आपण भिशीच्या पैशातून शिलाई मशीन घेतो आणि ब्लाऊज शिवून हप्ते फेडतो, तेव्हा त्याला कोणी उधळपट्टी म्हणत नाही. मात्र मशीन चालले पाहिजे, आणि हिशेब आपल्याला कळला पाहिजे.

तो हिशेब मी मुलाला शेजारी बसवून केला. हजार वॅटचे काही एक तास चालले की एक युनिट होते. जुनी चाळीस वॅटची नळी तिच्या चोकसकट साधारण पन्नास वॅट खाते. रात्रीचे बारा तास जळली की सहाशे, म्हणजे अर्ध्या युनिटाच्या थोडे वर. महिन्याला अठरा युनिट. तिच्या जागी वीस वॅटची एलईडी पट्टी लावली तर महिन्याला सात युनिटांच्या थोडे वर. एका खांबामागे जवळजवळ अकरा युनिट वाचली. शंभर खांब धरले तर महिन्याला हजाराच्या वर! मुलगा म्हणाला, “आई, तू गणितात बरी आहेस.” मी म्हटले, दुधाचा हिशेब बावीस वर्षे कोण ठेवते आहे?

पण या बचतीच्या हिशेबात एक खोच आहे, ती त्या गावीच कळली. आमच्या पुढे तेव्हा कोणीसे कागद धरला की पाहा, मागील वर्षापेक्षा रस्त्यावरच्या दिव्यांचे बिल किती उतरले! माझी नणंदेची जाऊ कधी कोणापुढे बोलत नाही, पण त्या दिवशी ती हळूच म्हणाली, “उतरंल नाई तं काय, दिवे लागतेच कुठी?” बुजलेला दिवा सगळ्यांत जास्त वीज वाचवतो, बायांनो! म्हणून नुसते बिल कमी झाले याला बचत म्हणू नये. किती दिवे बसवले, त्यांतले आज रात्री किती लागले, आणि बंद पडलेला किती दिवसांत पुन्हा लागायचा असे करारात लिहिले आहे, या तीन गोष्टी विचाराव्यात. दिवे नव्या रीतीने आलेले असोत की जुन्या, शेवटी मोजायचे ते आपणच. कारण आपणच रात्री त्याखालून जातो.

पालिकेच्या विजेतला मोठा वाटा पाण्याच्या पंपांचा असतो, त्याविषयीही बोलायचे होते. पुणे महापालिकेने वीस वर्षांपूर्वी आपले पंप तपासून घेतले, तेव्हा वीज तर वाचलीच, वर पाणीही जास्त मिळू लागले. पण तो विषय मोठा आहे, पुढच्या वर्षी कोणाला तरी द्यावा. पुण्याचीच दुसरी एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे. तिथे २००६ पासून अंदाजपत्रकाआधी नागरिकांकडून अर्ज मागवू लागले, की तुमच्या भागात कोणते काम हवे ते लिहून द्या. आपल्याकडे तसा छापील अर्ज नसला तरी साध्या कागदावर लिहायला कोणाची बंदी आहे?

नणंदबाईंच्या गल्लीचे पुढे काय झाले ते राहिलेच. बायकांनी मार्गशीर्षात दुसरा अर्ज दिला. या वेळी ‘दिवे नाहीत, गैरसोय होते’ असे मोघम नव्हते. खांब किती, कोणत्या घरासमोरचा, कधीपासून बंद, फुटक्या फरश्या कुठे, हे सगळे लिहिले. विषय यादीत आला. सभेला सहाजणी जाऊन मागच्या बाकावर बसल्या. सत्कार झाले, शोकप्रस्ताव झाला, कोणा दोघांचे एका गाळ्यावरून भांडण झाले. तीन तासांनी यांचा विषय निघाला आणि दोन मिनिटांत मंजूर झाला. अंदाजपत्रकात तरतूद पडली, आणि २०१९ च्या पावसाळ्यात दिवे लागले. नणंदबाई आता काठी घेऊन चालतात. एक दिवा नेमका त्यांच्या खिडकीसमोर आला आहे, आणि डोळ्यांवर उजेड येतो, झोप लागत नाही, अशी त्यांची तक्रार आहे. मी म्हटले, त्याचाही अर्ज द्या.

मध्यंतरी काही वर्षे राज्यातल्या बहुतेक नगरपालिकांत निवडून आलेली सभाच नव्हती, प्रशासक कारभार पाहात होते. २०२५ च्या डिसेंबरात निवडणुका झाल्या. आता पुन्हा सभा, पुन्हा विषयपत्रिका. म्हणून मी आणि माझ्या मुलीने मागच्या आठवड्यात जेवण झाल्यावर आमच्या गल्लीतले खांब मोजले. चौदा भरले. कोणत्या खांबावर नळी आहे, कोणत्यावर नवा दिवा, कोणता किती वाजता लागतो, हे सगळे वहीत लिहिले आहे. लोक विचारत होते, बाई रात्रीच्या वर पाहात काय फिरता? एकाला वाटले, पतंग अडकला आहे.

ती वही मी आज आणली आहे. हळदीकुंकवाच्या ताटाशेजारी ठेवली आहे, पेन्सिल दोऱ्याने बांधली आहे. स्टेशन विभागातल्या भगिनींनी आपली पाने वेगळी करावीत, जुन्या वस्तीतल्यांनी वेगळी. ज्यांच्या गल्लीत सगळे दिवे लागतात त्यांनी तेही लिहावे, लाजू नये. अंदाजपत्रकाच्या आधी, म्हणजे दिवाळीनंतर पहिल्या पंधरवड्यात अर्ज द्यायचा आहे. चिटणीसबाईंचे अक्षर चांगले आहे, त्यांनी लिहायचे कबूल केले आहे. पोच घ्यायला माझ्याबरोबर दोघीजणी लागतील, सकाळी अकराला, जेवणाची गडबड सोडून येता येईल अशा.

चहा निवत असेल. मला तिकडे पाहिले पाहिजे.