जुन्या पिकअपची आडवाटेसाठी तयारी

मुंबईत १९४७ साली महिंद्रांनी विलीज जीप जोडावयास आरंभ केला. पुढे चारकोपच्या शेजारीच, कांदिवलीत, त्यांचा कारखाना उभा राहिला. त्याच कुळातील एखादी जुनी, चारही चाकांना ओढ असलेली पिकअप चारकोपातील गृहस्थाने घ्यावी आणि प्रथम तिची उंची वाढवावी, हा क्रम उलटा होय. उंचीबरोबर गुरुत्वमध्य वर चढतो व वळणावर कलंडण्याचे भय वाढते.

चाकांचेच पाहा. व्यास दहा टक्क्यांनी वाढविला, की वेगदर्शक ५० दाखवीत असता गाडी ५५ने धावत असते. चढणीवर जोर उणावतो तो निराळाच. म्हणून टायर मूळ मापाचेच, पण खोल नक्षीचे घ्यावेत. त्याआधी ब्रेक आणि सांगाड्याचा गंज तपासावा. खाडीकाठची खारी हवा लोखंडास सोडीत नाही. ओढून काढण्याचे हूक सांगाड्यासच जखडावेत, बंपरला नव्हे.

मूळ रचनेत मनमानी फेरफार करण्यास १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे ५२वे कलम आड येते. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ साली तसेच बजावले. तेव्हा उंचीचा बेत नोंदणी कार्यालयात विचारल्यावाचून करू नये.

हवेचा लहान पंप मात्र अवश्य बाळगावा. वाळूत टायरांतील हवा थोडी कमी करावी लागते, आणि डांबरी रस्ता लागताच ती पुन्हा भरावी लागते.