फेर धरू या



सुवर्णमहोत्सवाच्या या व्यासपीठावरून मी आज अशा एका नृत्याविषयी बोलणार आहे, की ज्याला व्यासपीठाची गरजच नाही. ते म्हणजे आपला भोंडला. पुण्याकडे भोंडला, दक्षिण महाराष्ट्रात हादगा; विदर्भ-खानदेशातील भुलाबाई ही त्याचीच बहीण. सूर्य हस्त नक्षत्रात गेला, की पाटावर हत्तीचे चित्र काढावयाचे आणि त्याभोवती हातात हात गुंफून फेर धरावयाचा, एवढेच त्याचे शास्त्र. हस्ताच्या सरी येथे क्वचितच. सप्टेंबरअखेर दिल्लीचा पाऊस बहुधा परतलेला असतो. पण फेराला पाऊस कशास हवा?

नवख्यांसाठी याहून सोयीचे नृत्य मला ठाऊक नाही. अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागात ‘काँट्रा’ नावाचे समूहनृत्य आहे. तेथे एक जण पुढची पावले पुकारतो आणि अनोळखी लहानथोर पहिल्याच संध्याकाळी नाचू लागतात. आपल्याकडे हे काम गाणेच करते. परंपरेने हादगा सोळा दिवसांचा. पहिल्या दिवशी एक गाणे, दुसऱ्या दिवशी दोन, असा चढता क्रम. कारल्याच्या वेलाचे गाणे आठवा. माहेरी जाऊ पाहणाऱ्या सुनेला सासू कडव्यागणिक नवी अट घालते; बाकीचे शब्द तेच. दोन कडवी ऐकली, की तिसरे नवख्याच्याही ओठी येते. आणि माहेर दुरावल्याची हुरहूर आपणांस कोणी समजावून सांगावयास नको!

चिंता आहे ती निराळीच. नोएडा, गुरुग्राम, फरीदाबादपर्यंत पांगलेली आपली कुटुंबे सोळा दिवस कोठून जमणार? भोंडला एका दिवसावर आला, हे समजण्यासारखे आहे. परंतु तो एक दिवसही रंगमंचावर चढविला, तर आठ मुली नाचतील आणि उरलेले सारे टाळ्या वाजवतील. नुसत्या टाळ्या वाजवून गाणे येत नाही. मग पुढील पिढीत ते म्हणणार कोण?

म्हणून माझी विनंती अशी, की हत्ती मैदानाच्या मध्यभागी मांडावा. तालीम नको, वेशभूषेची सक्ती नको, स्पर्धा तर नकोच. मुलगे, जावई, अमराठी सुना, साऱ्यांना फेरात घ्यावे. ज्या आजींचे गुडघे साथ देत नाहीत, त्यांनी खुर्चीवर बसून गाणे सांगावे. गाण्यांचा ठेवा त्यांच्यापाशीच आहे. खिरापत प्रत्येक घराने झाकून आणावी आणि मुलांनी ती मराठीतूनच ओळखावी. डब्यातल्या करंजीला ‘गुजिया’ म्हटले, तर झाकण उघडावयाचे नाही!

फेरात पहिला वा शेवटचा कोणी नसतो. नवा माणूस आला, की दोन हात क्षणभर सुटतात आणि त्याला मध्ये घेऊन पुन्हा जुळतात. पन्नास वर्षे या मंडळाने परगावी आलेल्यांना असेच सामावून घेतले. येत्या आश्विनात आपण सारे प्रेक्षकांच्या रांगेतून उठून फेरात याल, अशी आशा बाळगून मी आपली रजा घेते.