एका निर्जन प्रवाळद्वीपाची कहाणी

(प्राथमिक शिक्षकांच्या भूगोल उजळणी वर्गात दिलेले व्याख्यान)



नकाशावरील बारीक ठिपके वर्गात आपण बहुधा ओलांडून जातो. आज अशाच एका ठिपक्याकडे आपले लक्ष वेधावयाचे आहे. पॅसिफिक महासागरात, मेक्सिकोच्या किनाऱ्यापासून सुमारे १,१०० किलोमीटर नैर्ऋत्येस, क्लिपर्टन नावाचे निर्जन बेट आहे.

हे कंकणाकृती प्रवाळद्वीप होय. सागरातील ज्वालामुखीच्या कडेने प्रवाळ वाढतात; ज्वालामुखी सावकाश खचत जातो, प्रवाळ मात्र उजेडाकडे वर चढत राहतात; अखेर मध्ये पाणी आणि भोवती कडे उरते. डार्विनने १८४२ साली मांडलेली ही उपपत्ती येथे नीट पटते, कारण मूळ ज्वालामुखीचा २९ मीटर उंचीचा खडक अद्याप डोके वर काढून उभा आहे. बाकीची जमीन समुद्रसपाटीपासून चार-दोन मीटरच उंच आहे. कड्यातील वाटा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बुजल्या आणि आतील सरोवर समुद्रापासून तुटले. पावसाने त्याचे वरचे पाणी मचूळ झाले. तळाशी मात्र विषारी वायू साठला आहे.

आता बेटाच्या मालकीकडे वळू. १८५८ साली एका फ्रेंच अधिकाऱ्याने जहाजावरूनच या बेटावर फ्रान्सचे स्वामित्व जाहीर केले. पुढे १८९७ साली मेक्सिकोने तेथे आपले निशाण रोवले आणि कालांतराने शिबंदी ठेवली. सैनिकांबरोबर त्यांच्या बायकामुलेही होती. त्यांचे अन्न जहाजाने येई. १९१४ साली मेक्सिकोतील यादवीत ती जहाजे बंद झाली. ताज्या फळभाज्यांच्या अभावी स्कर्व्ही रोग पसरला व माणसे एकामागून एक मेली. १९१५ साली दूर दिसलेले जहाज गाठण्याच्या प्रयत्नात शिबंदीचा प्रमुख कॅप्टन आर्नो बुडाला. जुलै १९१७ मध्ये एका अमेरिकन युद्धनौकेने सुटका केली, तेव्हा चार स्त्रिया आणि सात मुले एवढीच उरली होती.

दोन्ही राष्ट्रांनी १९०९ सालीच हा वाद इटलीच्या राजाकडे लवादासाठी सोपविला होता. निवाडा लागला १९३१ साली, आणि तो फ्रान्सच्या बाजूने. १८५८ साली बेट कोणाचेच नव्हते. निर्जन बेटावर स्पष्ट घोषणा पुरेशी असून तेथे वसाहत करण्याची आवश्यकता नाही, असे त्याचे सार होते. ज्या हक्कासाठी माणसे तेथे ठेवली, तो हक्क त्यांच्या मरणाने सिद्ध झाला नाही. ही गोष्ट मनाला लागल्यावाचून राहत नाही.

आज हे बेट थेट फ्रेंच सरकारच्या अखत्यारीत आहे. तेथील कोरडी जमीन जेमतेम दोन चौरस किलोमीटर. परंतु तिच्या आधारे फ्रान्स भोवतीच्या सुमारे ४,३५,००० चौरस किलोमीटर सागरावर आर्थिक हक्क सांगतो. हे क्षेत्र आपल्या महाराष्ट्राहूनही मोठे आहे. ट्यूना माशांच्या मुबलकतेमुळे या हक्कास मोल आहे. तथापि जेथे माणूस वस्ती करू शकत नाही, त्या खडकास असा हक्क द्यावा काय, हा प्रश्न सागरी कायद्यात अद्याप वादाचा आहे.

बंधुभगिनींनो, बेटाची व्याख्या मुले पाठ करतातच. त्यापुढे त्यांना दोन प्रश्न विचारावेत : हे बेट कसे झाले? आणि तेथे राहणाऱ्याचे अन्न कोठून येईल? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधताना भूगोल माणसांपर्यंत पोहोचतो.