ताटात वाढण्याआधी

बचत करावी, हे तुम्हाला मी सांगायला नको. मला सांगायचंय ते एवढंच, की बचत ठरवायची कधी.

आपल्या घरांतली जुनी रीत आठवा. भाताला तांदूळ काढले, की त्यातली एक मूठ वेगळ्या डब्यात पडायची. जेवताना कुणाला काही कमी पडायचं नाही. तीच मूठ वाढलेल्या ताटातून काढून बघा, पोरं भोकाड पसरतील! तांदूळ तेवढेच, पण हाती आलेलं जाताना फार लागतं. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली हेच मांडलं: मिळाल्याच्या आनंदापेक्षा तेवढंच गमावल्याचं दुःख मोठं.

रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्त्झी या अर्थतज्ज्ञांनी हा स्वभाव ओळखून बचतीची एक योजना आखली. १९९८ साली अमेरिकेतल्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत ती पहिल्यांदा राबवली गेली. कर्मचाऱ्यांकडून आजच्या पगारातला एक पैसाही मागितला नाही. पुढची पगारवाढ होईल, तेव्हा तिच्यातला वाटा परस्पर निवृत्तीच्या खात्यात जाईल, एवढंच कबूल करून घेतलं. नको वाटलं तर केव्हाही बाहेर पडायची मुभा. विचारलेल्यांपैकी ७८ टक्के लोक तयार झाले. ४० महिन्यांत त्यांची बचत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. कारण मूठ ताटातून काढलीच नव्हती!

पुन्हा सांगते, कारण नेमकं हेच निसटतं: वाढ हातात पडण्याआधी ठरवा. ‘पगार वाढला की बघू’ म्हणता ना? मग मागच्या वाढीचं काय झालं? नवा मोबाइल आला, हप्ता सुरू झाला, भात ताटात वाढून झाला. प्रॉव्हिडंट फंड पगारातून परस्पर कापला जातो, म्हणून तर तो साठतो. आणि तांदूळ वाढले, की मूठही मोठी घ्या.

तेव्हा एकच करा. पुढची वाढ कोणत्या महिन्यात आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. तिच्यातलं निम्मं कुठे जाणार, हे घरात बसून आजच ठरवा आणि बँकेत तशी सूचना देऊन टाका. वाढ झाल्यावर नाही, आधी.