मांडवीकाठचा हरपलेला बाजार

मोरजीहून जुन्या गोव्याच्या दर्शनास निघालेला प्रवासी शापोरा नदी ओलांडून शिवोलीस येतो आणि म्हापसा, पणजी, रायबंदर करीत मांडवीच्या काठाने त्या प्राचीन नगरीत पोहोचतो. बॉम जेझस चर्चमध्ये संत फ्रान्सिस झेवियर यांच्या अवशेषांचे दर्शन घ्यावे, बाहेर मेणबत्त्या घ्याव्यात, ३ डिसेंबरचे फेस्त असल्यास मुलांसाठी खाजे बांधून घ्यावे, की त्याची यात्रा सुफळ होते.

नदीकाठच्या व्हाइसरॉयच्या कमानीकडे मात्र थोडेच वळतात. वास्को द गामाच्या पणतूने ती सोळाव्या शतकाच्या अखेरीस उभारली. तिच्यातून शहरात जाणारा ‘रुआ दिरैता’, म्हणजे सरळ रस्ता, हीच त्या काळची मोठी पेठ. तेथे सकाळी लिलाव चाले. डच प्रवासी लिन्शोटेन याने त्याचे वर्णन करून ठेविले आहे. अरबी घोडे, रेशीम, जडजवाहीर यांच्या जोडीला तेथे गुलाम स्त्रीपुरुषही विकले जात. ज्या नगरीने एवढी प्रार्थनामंदिरे बांधली, तिनेच माणसाला मालाच्या पंक्तीस बसविले!

पुढे रोगांच्या साथींनी नगरी ओस पडली. १८४३ साली राजधानीचा मान रीतसर पणजीस मिळाला. १९८६ पासून येथील चर्चवास्तू जागतिक वारसा म्हणून जपल्या जात आहेत. त्या पेठेचे मात्र नावच उरले आहे.

वेदीवरील सुवर्णकाम डोळे भरून पाहावे. पण परतताना मुलांना त्या कमानीखाली क्षणभर उभे करून ही हकीकतही सांगावी. पिशवीतल्या जिनसांची किंमत होते. माणसाची होत नाही, हा धडा तेथे जितका पटेल तितका अन्यत्र क्वचितच.